नाथांच्या दिंडीत एक जालन्याचा ख्रिस्ती

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती आहे, जालन्याचा. पाद्री नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून आमचं घराणं चर्चमधलं. वारी आम्ही टीव्हीवर बघायचो. यंदा एक जुना मित्र म्हणला, चल की नाथांच्या पालखीबरोबर आठ दिवस, तुझा देव काय रागावतोय का? घरी बसून तरी काय करणार होतो, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान बंद पडलेलं. गेलो.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघालो. पहिला मुक्काम चनकवाडी, फार लांब नाही, पण मी नवेकोरे बूट घालायचा शहाणपणा केलता, संध्याकाळपर्यंत टाचेला रुपयाएवढा फोड. अन ते पाया पडणं! समोर आला की माऊली म्हणून थेट पायाला हात. सत्तरीचा एक म्हातारा माझ्या पाया पडायला लागला, मी मागं सरकलो, तोवर त्यांचं पडूनही झालं होतं. कोण, कुठला, कुणाचा, काहीच न विचारता. मग मलाही वाकावं लागलं. पहिल्या दिवशी लई अवघडल्यासारखं झालं, नंतर कंबर आपोआप वाकायला लागली.

तेच म्हातारबाबा पुढं माझ्याबरोबर चालायले. गेवराईकडचे, सगळे त्यांना आबा म्हणायचे. माझे बूट काढायला लावले अन पिशवीतल्या आपल्या जुन्या चपला दिल्या, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला, पण फोडाला काय आराम पडला म्हणून सांगू. मी ख्रिस्ती आहे कळल्यावर थोडा वेळ नुसतेच चालले, मग म्हणले, "एक इचारू का, राग नका मानू. तुमच्या देवाला माफच करायचं होतं तर लेकाचं रक्त कामून लागलं?"

आता हे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तास बसून येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश ऐकतो आम्ही, त्यात प्रायश्चित्त शब्द पन्नासदा येतो, पण रस्त्यानं चालता चालता सांगायचं म्हणलं की तोंड कोरडं पडतं.

मी बायबलच्या जुन्या करारातून सुरू केलं. म्हणलं, आबा, यहुदी लोकांत वर्षातून एक दिवस प्रायश्चित्ताचा असायचा. दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकायच्या, एक कापायचा, अन दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजकानं दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं बोलून दाखवायची अन त्याला रानात सोडून द्यायचं. त्यांच्या मंदिरातल्या परमपवित्रस्थानाला पडदा असायचा, त्याच्या आत महायाजकानं जायचं तेही त्याच दिवशी, बाकी वर्षभर कुणीच नाही. येशू मेला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असं बायबलात मत्तय सांगतो. आबांच्या घरी शेळ्या आहेत, बकऱ्याचं त्यांना लगेच कळलं, पण अडकले ते पडद्याशी. "म्हंजे गाभारा उघडा झाला म्हणा की." मी म्हणलं, हां, तसंच. "आमचा चोखोबा तर बाहेरच राह्यला." अन मग १९४७ला साने गुरुजी उपाशी बसले तवा कुठं पंढरीचा दरवाजा सगळ्यांना उघडला, हे त्यांच्या वडलांकडून ऐकलेलं दोन किलोमीटर सांगत राहिले, माझा मुद्दा राहिला बाजूला.

चहाच्या टपरीवर मी परत सुरू केलं. अन्सेल्म नावाचा कँटरबरीचा आर्चबिशप होता, १०९८च्या सुमाराला त्यानं मांडलं की पाप म्हणजे देवाच्या मानाचं देणं, फेडायचं माणसानं पण माणसाची तेवढी ऐपत नाही, ऐपत देवाची आहे पण देणं त्याचं नाही, म्हणून देवच माणूस होऊन...

"जामीनदार," आबा म्हणले.

मराठवाड्यात जामीनदार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी मात्र तिथंच गप्प झालो. २०१९ला एका पतसंस्थेतून मी दुकानासाठी तीन लाख उचलले, दादा जामीन राहिला, पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागलं अन मी हप्ते थकवले, फोन उचलणं बंद केलं, शेवटी नंबरच बदलला. दादाच्या पगारातून कापून कापून सगळं वसूल झालं. सगळं आबांना सांगून टाकलं, का ते माहीत नाही, चालताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही म्हणून असेल.

आबांनी त्यावर मला विठ्ठलपंतांची गोष्ट सांगितली. संन्यास सोडून संसारात आले म्हणून ब्राह्मणांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, नवराबायकोनं जीव दिला, का, तर लेकरांना तरी जवळ घेतील. अन तरी ज्ञानोबाला अन भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या दारात उभं राहावंच लागलं. "मंग ते मेले ते कोणत्या कामी आलं?"

याला माझ्याकडं पुस्तकी उत्तर नव्हतं, अन खरं सांगायचं तर ते कुणाकडंच एक नाही. ३२५ला निकेयाच्या धर्मसभेत विश्वासाचा मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचा कबुलीजबाब, लिहिला त्यात आमच्यासाठी अन आमच्या तारणासाठी एवढंच आहे, हिशोब कसा मिटला ते लिहिलेलंच नाही. अन्सेल्मच्या पुढच्या पिढीतला अबेलार्ड नावाचा धर्मपंडित तर म्हणायचा, देण्याघेण्याचं सोडा, एवढं प्रेम बघून माणूस आतून पालटतो ते खरं. यावर आबा लगेच, "आमच्या नाथांवर थुंकणारा शेवटी पायावरच पडला की!" मला स्वतःला येशूचा प्रेषित पौल, त्याचा शब्द पटतो, समेट. बायबलात त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात आहे, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःबरोबर समेट करत होता. म्हणजे दंड मागणारा एकीकडं अन मरणारा दुसरीकडं असं नाही, विठ्ठलपंतांच्या वेळी तसं होतं. इथं ज्याचं बुडालं तोच उठून आलाय.

हे मी बऱ्यापैकी रंगात येऊन सांगितलं. आबा म्हणले, "मंग झाला का?"

"काय?"

"समेट. तुमचा अन भावाचा."

"दादानं सगळे पैसे भरले ना आबा."

"पैशाचं नाही इचारलं."

पुढं बोललेच नाहीत, टाळ घेऊन पुढच्या रांगेत गेले. मला थोडा रागच आला, एवढं मोठं बायबल समजावून सांगितलं अन हे म्हातारं माझ्या घरात शिरलं.

रायमोह्याच्या मुक्कामी पाय गरम पाण्याच्या घमेल्यात टाकून बसलो होतो, मागं हरिपाठ चाललेला. दादाचा नंबर पाठ आहे, दहाच्या दहा आकडे. लावला.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. मग दादा म्हणला, "मागं टाळ कसले वाजायलेत रे? कुठंयस तू?"