"कुणाला कळणार नाही ना?"

एचआयव्हीच्या तपासणीला आलेला माणूस खुर्चीत टेकतो, दाराकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, कुणाला कळणार नाही ना?" आजार आहे का, औषध मिळतं का, हे नंतर. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे फुकट चाचणी होते त्या खोलीत, मी समुपदेशक आहे. लग्नकार्यात, एसटीतसुद्धा लोक हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

कळतं ते मला आणि लॅब टेक्निशियनला. पहिल्या किटवर काही दिसलं नाही तर रिपोर्ट निगेटिव्ह. दिसलं तर वेगळ्या किटवर आणखी दोनदा तपासतात, तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. पॉझिटिव्ह निघालात तर उपचारासाठी एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, लोकांना कळणं भाग आहे. रिपोर्ट तुमच्याच हातात, समोर बसवून. भावाला नाही, सासऱ्याला नाही. (एकदा एका सरपंचांचा फोन आला होता, "आपलाच माणूस आहे" म्हणून. आपलाच असला तरी नाही.)

हा माझा चांगुलपणा नाही, कायदा आहे. 2017 सालचा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय बोभाटा नाही, नोकरीवर घेण्यासाठी एचआयव्हीचा रिपोर्ट मागता येत नाही. त्याआधी काय होत होतं ते गोव्यात विचारा. 1989 साली डॉमनिक डिसूझा या तरुणाने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्याला धड काही सांगण्याआधी पोलिसांनी नेलं आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकटं डांबून ठेवलं. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात तशी सोयच होती. त्याची आई ल्युसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. 1992 मध्ये डॉमनिक गेला.

जोडीदाराचं मात्र वेगळं. तुम्ही पॉझिटिव्ह आहात, समजावूनही बायकोला सांगत नाही आणि तिला धोका आहे, तर तुम्हाला आधी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक तिला सांगू शकतात. बाईला मात्र सूट आहे: सांगितल्यावर नवरा मारेल, घराबाहेर काढेल अशी भीती असेल तर तिच्यावर सांगण्याची सक्ती नाही.

ही सूट कायद्यात का आहे, ते मला रोज दिसतं. गरोदर बाईची पहिल्याच तपासणीत एचआयव्हीची चाचणी करतात. त्यामुळे घरात सगळ्यात आधी तिचंच रक्त तपासलं जातं, नवऱ्याचं कधीच तपासलेलं नसतं. मग घरात कळलं की 'हिनेच आणलं'. मागे एक पोर आत बसली होती, तिसरा महिना. बाहेर बाकावर सासू. दार किलकिलं करून म्हणाली, "रक्त कमी आहे का हो तिचं? बीट देऊ का?" मी म्हटलं, "द्या की, बीट कुणालाही चांगलं." पोरीने पदराने तोंड पुसलं आणि पहिला प्रश्न विचारला तो बाळाचा. औषध वेळेवर सुरू झालं आणि जन्मल्यावर बाळालाही दिलं तर बहुतेक बाळं निगेटिव्ह राहतात. सासूला काय सांगायचं ते तिने ठरवलं, मी नाही.

आता खरं सांगायचं तर गोष्ट फुटते ती आमच्या रजिस्टरमधून क्वचितच. फुटते बाकावर. एआरटी केंद्राच्या रांगेत गावचं कुणी भेटेल म्हणून माणसं शेजारच्या जिल्ह्यातून गोळ्या आणतात. महिन्याच्या डबीवरचं लेबल नखाने खरवडतात, गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबतात. मला यात लाज वाटावी असं काही दिसत नाही, गावं अजून तशीच आहेत. पण याच भीतीने जो तपासणीलाच येत नाही, तो शेवटी टीबी घेऊन येतो, आणि तेव्हा लपवण्यासारखं फार उरत नाही.

वेळेवर आलात तर रोजची एक गोळी, तीही फुकट. 2004 पासून सरकार हे उपचार देतंय. नेमाने गोळी घेऊन तपासणीत विषाणू सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. आणि नुकताच धोका पत्करला असेल, निरोध फाटला असेल, तर विचार करत बसू नका. एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, 28 दिवस घ्याव्या लागतात. पाचव्या दिवशी आलेल्याला त्या देऊन उपयोग नसतो.

यायचं धाडस होत नसेल तर आधी 1097 वर फोन करा, पैसे पडत नाहीत. आलात तर मात्र मोबाइल नंबर खरा द्या. धोका अलीकडचा असेल तर आजचा निगेटिव्ह रिपोर्ट शेवटचा नसतो, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला बोलवावं लागतं. फोनवर मी एवढंच म्हणते, "तारीख झाली, येऊन जा." उचलणारं दुसरं कुणी असेल तर राँग नंबर.