जुन्या शेव्हरोले सी-१० चे व्हील अलाइनमेंट: माझा अनुभव

ओहायोमध्ये मी वापरत असलेला १९६९ चा शेव्हरोले सी-१० पिकअप हमरस्त्यावर वेग घेतला की भरकटू लागे आणि स्टीअरिंग सतत सावरत बसावे लागे. पुढच्या टायरांची आतली कडही लवकर झिजत होती. एका गॅरेजमध्ये यंत्रावर घेऊन केवळ टो (वरून पाहता पुढची चाके एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) जुळवून दिला, पण भरकटणे तसेच राहिले. या गाडीत कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने दिसणारा पुढे-मागे कल) हे दोन्ही कोन वरच्या कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या हाताच्या, शाफ्टपाशी शिम, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, घालून किंवा काढून बसवावे लागतात, आणि एवढ्या वेळखाऊ कामाला आता फारसे कोणी हात घालत नाही.

मग मी आधी सांध्यांतला प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहिला. या गाडीची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, त्यामुळे जॅक त्याच आर्मखाली लावावा लागतो. तो चासीखाली लावला तर खालच्या बॉल जॉइंटवर (आर्म आणि चाक यांमधल्या गोल सांध्यावर) भार राहतो आणि त्यातला प्ले हाताला लागतच नाही. चाक वर-खाली हलवताना बॉल जॉइंटचा आवाज स्पष्ट आला, शिवाय वरच्या आर्मचे रबरी बुश चिरलेले होते. स्प्रिंगाही बसल्या होत्या. गाडीची उंची उतरली की कॅम्बर आतल्या बाजूला कलतो, म्हणून टायरची आतली कड झिजत होती. हे सगळे बदलल्याशिवाय कोन मोजण्यात अर्थ नव्हता, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर शिमचे काम करणारा एक वयस्क कारागीर मिळाला. चाके फिरत्या प्लेटांवर ठेवून, प्रत्येक चाक २० अंश आत आणि २० अंश बाहेर वळवून त्यांनी कास्टर मोजला. जुन्या मॅन्युअलमधले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय, म्हणजे आपल्याकडच्या नायलॉन टायरांसाठी होते; रेडियल टायरांना त्याहून अधिक धन कास्टर (अक्षाचे वरचे टोक मागे कललेले) लागतो, हे त्यांना सांगावे लागले नाही. शाफ्टच्या दोन्ही बोल्टांवर सारख्याच जाडीचे शिम वाढवले किंवा कमी केले तर मुख्यतः कॅम्बर बदलतो. एका बोल्टवरचा शिम दुसऱ्यावर नेला तर वरचा बॉल जॉइंट पुढे-मागे सरकतो आणि कास्टर बदलतो. एकाला हात लावला की दुसराही थोडा हलतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर त्यांनी पुन्हा मोजले. शिमची थप्पी वाढत गेली की नटाला पुरेसे आटे उरत नाहीत, त्यामुळे मूळ आर्म ठेवून उजवीकडे २.५ अंशांवर थांबावे लागले. डावीकडे मुद्दाम अर्धा अंश कमी ठेवला, कारण इथे गाड्या उजवीकडून चालतात, रस्त्याचा उतार उजवीकडे असतो आणि कमी कास्टरच्या बाजूला गाडी किंचित ओढते. आपल्याकडे हेच उलटे करावे लागेल.

टो अगदी शेवटी बसवला, कारण आधीच्या दोन्ही कोनांबरोबर तो बदलतो. स्टीअरिंग सरळ बांधून दोन्ही टाय रॉडच्या (चाके वळवणाऱ्या दांड्यांच्या) स्लीव्ह फिरवल्या आणि एकूण टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत वळलेली, १/८ इंचाच्या आत ठेवला. आता पिकअप हमरस्त्यावर सरळ धावतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपणहून मध्यावर येते. नव्या स्प्रिंगा थोड्या बसल्या की शिमचे बोल्ट आवळून तिन्ही कोन पुन्हा मोजून घेणार आहे.