एबी फॉर्म कोण देतं?

३० डिसेंबर २०२५ची संध्याकाळ. ठाणे महापालिकेचे अर्ज भरायची मुदत दुपारीच संपली होती आणि अप्पा, म्हणजे माझे सासरे, सकाळपासून टीव्हीसमोरून हलले नव्हते. कोणाचा पत्ता कापला, कोणी ऐनवेळी उडी मारली, एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या हातात पडला. मी ओट्यापाशी डबा भरत होते. साडेसहाला लॉगिन असतं, साडेपाचला कॅब खाली लागते आणि दोन मिनिटांच्या वर थांबत नाही.

"अगं, तुमच्या अमेरिकेत एबी फॉर्म कोण देतं?"

तुमच्या अमेरिकेत, हे नेहमीचंच. सोळा वर्षं मी ऐरोलीत बसून तिकडच्या हॉस्पिटलांचे विम्याचे क्लेम बघते, म्हणून घरात अमेरिका माझी. माझा पासपोर्टसुद्धा नाही. आणि अमेरिका आमच्याकडे सोयीची पडते. नवरा एका शिवसेनेचा आणि अप्पा दुसऱ्या. २०२३च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण कोणाचा ते सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी जेवताना हा विषय काढायचा नाही असा नियम केला. सासूबाई गेल्या, नियम राहिला. त्यामुळे ताटावर अमेरिका चालते.

"कोणीच देत नाही," मी म्हटलं. "पक्षाचे मतदारच आधी मतदान करून उमेदवार ठरवतात. प्रायमरी म्हणतात त्याला. जिंकेल तो उमेदवार, वरच्यांना आवडो न आवडो."

अप्पांनी रिमोट उचलून आवाज बंद केला. "वरून खाली काही येतच नाही?"

"नाही."

"मग बंडखोर ओळखायचा कसा?"

विटाव्याच्या पुलाखाली कॅब अडकली तेव्हाही डोक्यात तोच प्रश्न. २०१६ला रिपब्लिकन पक्षाकडून सतरा जण रिंगणात होते. त्यात एका माजी अध्यक्षाचा मुलगा आणि दुसऱ्याचा सख्खा भाऊ असलेले जेब बुश. देणगीदार, सिनेटर, उजव्या मासिकांचे संपादक, सगळे म्हणत होते ट्रम्प नको. मतदारांनी ट्रम्पच आणले. तेव्हा बंडखोर ते होते. सहा वर्षांनी वायोमिंगच्या प्रायमरीत ट्रम्पना विरोध करणाऱ्या लिझ चेनी ३७ टक्क्यांनी पडल्या, माजी उपाध्यक्षांची मुलगी, आयुष्यभराची कॉन्झर्व्हेटिव्ह. तोवर बंडखोर त्या झाल्या होत्या. पक्षाचं नाव तेच, चिन्हावरचा हत्तीही तोच. आयोगाच्या दारात कोणाला जावं लागलं नाही.

आमच्या क्लायंटकडे एक बाई आहेत, ओहायोच्या, यंग्सटाऊनजवळच्या. अकरा वर्षं त्यांच्याबरोबर काम करतेय. कॉलवर राजकारण बोलायचं नाही असा आमचा कडक नियम, पण त्या स्वतःच शेवटच्या पाच मिनिटांत सुरू होतात आणि क्लायंटला गप्प बसा कोण सांगणार? वय बासष्ट. वडील स्टील मिलमध्ये, युनियनवाले, कट्टर डेमोक्रॅट. यांनी मात्र १९८४ला पहिलं मत रिपब्लिकन रेगनना दिलं आणि घरी चार दिवस सांगितलं नाही. दर रविवारी चर्च. नवऱ्याचं छोटं वर्कशॉप आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं.

त्यांच्याकडून आणि थोडं इकडेतिकडे वाचून मला जे समजलंय ते असं. अमेरिकेतल्या उजव्यांची चूल तीन दगडांवर होती. एका दगडावर व्यापारी: कर कमी करा, सरकार आवरा, माल येऊ-जाऊ द्या. दुसऱ्यावर चर्चवाले. तिसऱ्यावर कम्युनिस्टांना ठोकून काढा म्हणणारे. या तिघांचं एकमेकांशी मुळात फारसं जमणारं नव्हतं. विल्यम बकली यांनी १९५५ला 'नॅशनल रिव्ह्यू' काढून त्यांना एका पंगतीला बसवलं. १९६४ला अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर सपाटून आपटले, अवघी ६ राज्यं. वीस वर्षांनी रेगननी ४९ जिंकली. मग सोव्हिएत संघच बुडाला, त्याबरोबर तिसरा दगड गेला. त्या जागी इराक युद्ध ठेवून पाहिलं, त्याने चटकेच बसले. चर्चवाल्यांना हवं होतं ते २०२२ला मिळालं, गर्भपाताचा देशव्यापी हक्क सुप्रीम कोर्टाने काढून घेतला. पण पुढच्याच वर्षी याच ओहायोच्या मतदारांनी तो हक्क आपल्या राज्यघटनेत लिहून घेतला, ५७ टक्क्यांनी. २०२४ला ट्रम्पना अकरा टक्क्यांनी पुढे ठेवणारं हेच राज्य बरं का.

उरला व्यापाऱ्यांचा दगड. मला विचाराल तर जो काही भविष्याचा प्रश्न आहे तो याच दगडाचा आहे.

यंग्सटाऊनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ या तारखेला 'ब्लॅक मंडे' म्हणतात. एका सकाळी मिल बंद होणार असं जाहीर झालं, पाच हजारांच्या घरात नोकऱ्या गेल्या, आणि पुढची काही वर्षं एकेक भोंगा थंड होत गेला. बाई तेव्हा चौदा वर्षांच्या. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ते वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं मिलिंग मशीनवर होते. कंपनी बंद झाली तेव्हा हिशोबाचा चेक आणि स्टीलचा एक डबा मिळाला. डबा अजून आहे, त्यात रवा असतो. त्या जागी आता काचेची बिल्डिंग आहे. अप्पा त्या रस्त्याने रिक्षा नेऊ देत नाहीत, लांबून जातात, वर दहा रुपये जास्त देतात.

"कंपनी गेली की माणूस शाखेवर जाऊन बसतो," ते म्हणाले. "तिथे निदान चहा मिळतो आणि दोष कोणाचा ते कळतं."

यंग्सटाऊन ज्यात येतं ती महोनिंग काउंटी १९७२च्या निक्सननंतर कधी रिपब्लिकनांना मिळाली नव्हती. २०२०ला मिळाली. युनियनवाल्यांची पोरं शाखा बदलून आली. पण ती सरकार आवरा म्हणायला आलेली नाहीत. आमचं काम परत आणा, बाहेरचा माल अडवा, बाहेरची माणसं अडवा, हे त्यांचं म्हणणं. रेगननी १९८६ला कागद नसलेल्या २७ लाख लोकांना कायदेशीर केलं होतं, हे आज त्यांच्या मेळाव्यात बोलून दाखवा. २०२५ला आपल्याकडे गणपती बसले त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लागलं. अ‍ॅल्युमिनियमवर त्याआधीच लागलं होतं. बाईंचा नवरा पत्रा महागला म्हणून कुरकुरतो आणि मत मात्र बदलत नाही.

माणसं अडवण्याचं तर आमच्या घरातच झालं.

पुतण्या डॅलसला असतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. सप्टेंबरात अविधवा नवमीला आजीचं पान वाढायला म्हणून आला होता, घटस्थापना करून जाणार होता. १९ तारखेच्या रात्री मी फ्लोअरवर होते. आमचे फोन लॉकरमध्ये असतात, पेन-कागदसुद्धा आत नेता येत नाही. ब्रेकला कॅन्टीनच्या टीव्हीवर पट्टी दिसली: एच-वन-बीला १ लाख डॉलर. लॉकर उघडेपर्यंत हात थरथरत होते. घरी फोन लावला तर पुतण्याला वकिलाची मेल आलेली होती, एकवीस तारीख लागायच्या आत अमेरिकेत पोचा. पहाटे घरी आले तेव्हा तो हॉलमध्ये बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढत होता. भाजणीचं पीठ राहिलंच. तिप्पट पैसे मोजून युरोपमार्गे तिकीट मिळालं. तो हवेत असतानाच तिकडून खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना, जुन्यांनी घाबरू नये. घटासाठी त्याने आणलेली माती गॅलरीत पिशवीत तशीच होती. सोमवारी घट मी बसवला.

अप्पा पूर्ण दिवस कॉटवर बसून होते. १९६७ला ठाण्यात शिवसेना पहिल्यांदा सत्तेत आली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे, हाताला खळ लावून पोस्टरं डकवत होते. लुंगीविरोधात घोषणा द्यायला दादरला एका उडप्याच्या हॉटेलबाहेरही उभे होते. दगड मारला नाही, हे दर वेळी न विचारता सांगतात. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "ते काय वेगळं म्हणतायत? आम्ही हेच म्हणत होतो." मग बराच वेळ काही नाही. मग, "बाळ्या पोचला का?"

मला वाटतं आमच्या घरात अमेरिका सगळ्यात जास्त अप्पांना कळते.

आता माझ्या टेबलावरचं. पेशंटचं काही सांगणार नाही, दर वर्षी त्याची परीक्षा द्यावी लागते. पण क्लेम नाकारला की त्याला एक कोड असतो आणि त्यातला २७ नंबरचा आमच्या रोजच्या ओळखीचा: विमा संपल्यानंतर झालेला खर्च. २०२३ला कोविडची सवलत उठली, मेडिकेड म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यातून नावं निघायला लागली, देशभरात अडीच कोटींच्या वर. बहुतेकांची कागद वेळेत न भरल्याने. तेव्हा आमच्या स्क्रीनवर नुसते सत्तावीस. बाई स्वतः हॉस्पिटलात बिलिंगला आहेत. गावातली ओळखीची नावं यादीत बघून एकदा म्हणाल्या, यातले निम्मे माझ्या चर्चमधले आहेत.

ओहायोत हा विमा कष्टकऱ्यांपर्यंत वाढवला कोणी? जॉन केसिक यांनी, २०१३ला, गव्हर्नर असताना. ते रिपब्लिकनच. स्वर्गाच्या दारात सरकार किती छोटं ठेवलंस असं विचारणार नाहीत, गरिबांसाठी काय केलंस ते विचारतील, असं त्यांचं म्हणणं होतं. पक्षातले लोक चिडले होते. आणि २०२५च्या ४ जुलैला सही झालेल्या मोठ्या कायद्यात काय आहे? अशा विमाधारकांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवायची, २०२७च्या सुरुवातीपर्यंत लागू. काम न करणाऱ्या धडधाकट माणसाला फुकट का, हा समर्थकांचा सवाल, आणि तो बाईंनाही पटतो. पण कायद्यातल्या एकूण बदलांमुळे २०३४पर्यंत १ कोटी माणसं विम्याबाहेर जातील असा तिथल्या संसदेच्याच अर्थकार्यालयाचा अंदाज आहे. रिपब्लिकन सिनेटर हॉली यांनी मे महिन्यात लेख लिहून बजावलं की मेडिकेड कापणं ही राजकीय आत्महत्या ठरेल, आणि मत कायद्याच्या बाजूने दिलं. जुना पक्ष आणि नवा मतदार यांच्यातली भेग मला तिथे दिसते. वाहिन्यांवरची भांडणं त्यापुढे करमणूक.

ती भांडणंही चालू आहेतच. तरुण उजव्यांचे पुढारी चार्ली कर्क यांची सप्टेंबरात हत्या झाली, त्यांच्या संघटनेचा डिसेंबरात फिनिक्सला मेळावा भरला, तर एकाच व्यासपीठावरून बेन शपिरो टकर कार्लसनवर आणि कार्लसन शपिरोंवर, दोघेही उजवे भाष्यकार. खरा अमेरिकन कोण, किती पिढ्यांचा, यावर वाद. विवेक रामस्वामी तिथे बोलले. जन्म सिनसिनाटीचा, आईवडील केरळचे, ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उतरलेत आणि ट्रम्प यांचा त्यांना पाठिंबा आहे. आदल्या डिसेंबरात त्यांनी लिहिलं होतं की इथे गणिताच्या ऑलिम्पियाडवाल्यापेक्षा शाळेतल्या सुंदरीचं कौतुक जास्त. लोकांनी सोलून काढलं. ते महोनिंगमध्ये कसे चालतात हे मला बघायचंय.

फिनिक्सलाच कर्क यांच्या पत्नीने २०२८साठी उपाध्यक्ष व्हान्स यांचं नाव घेतलं. ट्रम्प पुन्हा उभे राहू शकत नाहीत, घटनेने दोनच वेळा. व्हान्स ओहायोचेच, मिडलटाऊनचे, एकेकाळी ट्रम्पवर सडकून टीका करायचे. वारस म्हणून तेच पुढे दिसतात. माझी शंका वेगळी आहे. ट्रम्प मतपत्रिकेवर नसले की त्यांचे लोक घरी बसतात. २०१८ला कनिष्ठ सभागृहातल्या चाळीसच्या आसपास जागा गेल्या, २०२५च्या नोव्हेंबरात व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी, दोन्हीकडची गव्हर्नरपदं डेमोक्रॅटांनी जिंकली. रेगनकडे परत जायचं म्हणणाऱ्यांकडे मतदार नाही. पुढे जायचं म्हणणाऱ्यांकडे मतदार आहे, पण तो उसना. साहेबांचा माणूस साहेबांनंतर आपला होतो का, हे ठाण्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. मी पैज लावायची तर टॅरिफ आणि सीमा या गोष्टी राहतील यावर लावीन, मग पुढे कोणीही येवो. मेडिकेडला हात लावणारा मात्र महोनिंगची प्रायमरी एक दिवस हरेल.

हे सगळं घोळत होतं म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मीच नियम मोडला. कॉल संपताना बाईंना विचारलं, ट्रम्पनंतर कोण? व्हान्स का?

त्यांनी जरा वेळ घेतला. मागे प्रिंटर चालू होता. म्हणाल्या, आमचाच मुलगा आहे, चांगला आहे. पण कॅनफिल्डच्या जत्रेला कोण कोण येतं ते आधी बघते. टीव्हीवर सगळेच चांगले दिसतात.

कॅनफिल्डची जत्रा म्हणजे त्यांच्या काउंटीची, उन्हाळ्याच्या शेवटी भरते. गुरंढोरं, पाळणे, खाण्याच्या टपऱ्या, आणि हात मिळवत फिरणारे पुढारी.

पहाटे घरी आले तर अप्पा जागे. त्यांना शब्दशः सांगितलं.

"बरोबर आहे बाईचं," ते म्हणाले. अंगावरची चादर सारखी केली. "मयताला पण येतो का, तेवढं विचार."