मोहोर गळतो तेव्हा स्तोत्र १३

अवकाळी पावसाने हापूसचा मोहोर गळतो. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, होडीवरचं कर्ज मात्र चालूच राहतं. अशा वेळी ‘विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल’ असं चर्चमध्ये हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण बायबलमधला प्रेषित पौल असं म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात तो आशेपर्यंतची वाट संकटातून, धीरातून आणि पारखलेल्या शीलातून नेतो.

बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. वचनं सहाच; मोठ्याने वाचायला मिनिटभर पुरतं. पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा ‘कुठवर?’ असं विचारलंय. तिथे थांबा आणि आपलं गाऱ्हाणं नावानिशी घाला: थकलेला हप्ता, गेलेली बाग, मोडलेलं लग्न. गुळगुळीत शब्द नकोत. वचन ३ आणि ४ मागण्याची. एकच गोष्ट मागा. भरवसा येतो तो थेट पाचव्यात.

बहुतेक जण तिथेच उडी मारतात. दुःख न बोलताच आभार मानले, की ती आशा पुढच्या हप्त्यापर्यंतही टिकत नाही. दुसरी अडचण नवसाची. ‘पीक दे, मग रविवार चुकवणार नाही’ हा सौदा झाला. पीक गेलं की विश्वासही जातो.

पाचवं वचन तोंडातून निघतच नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. आणि झोप, भूक बरेच दिवस उडाली असेल, तर चर्चच्या पाळकांबरोबर डॉक्टरांनाही गाठा.