खिरीचा काय दोष

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात मी आहारतज्ज्ञ आहे. त्या दिवशी राउंडला गेले तर सोलापूरकडच्या एका मुलाची आई खाटेजवळ उघडा डबा घेऊन रडत होती. डब्यात शेवयांची खीर. एरवी वाटी चाटूनपुसून खाणारं पोर आता नुसत्या वेलचीच्या वासानं उमासे काढत होतं. आजीचं म्हणणं, लाडावलाय. त्याला विचारलं तर म्हणाला, "खीर चांगलीय, मला माहितीय. पण पोटच नको म्हणतंय."

"ताई, खीर कधी द्यायचात?"

"केमोच्या दिवशी, मॅडम. सलाईन लावायच्या आधी. तेवढाच खूश व्हायचा."

मला लगेच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया आठवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या नौदल प्रयोगशाळेत ते उंदरांवर किरणोत्साराचे परिणाम तपासत होते. किरणांच्या खोलीत उंदीर पाणी कमी प्यायचे. तिथल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या, आणि प्लॅस्टिकच्या त्या चवीशी मळमळ जोडली गेली होती. 1955 मध्ये त्यांनी सॅकरिनच्या गोड पाण्यावर हेच दाखवून दिलं. एकदाच पोट बिघडलं तरी पुरतं, आणि मळमळ बऱ्याच वेळानं झाली तरी दोष चवीवरच जातो! तेव्हाच्या मानसशास्त्राला हे पटेना, नियतकालिकं त्यांचे लेख परत पाठवत. तरी हा माणूस हटला नाही, याचं मला फार मोल वाटतं. 1978 मध्ये मानसशास्त्रज्ञ आयलीन बर्नस्टाइन यांनी केमोच्या मुलांमध्ये तेच पाहिलं: डोसआधी दिलेलं वेगळ्या चवीचं आइस्क्रीम मुलांना पुढे नकोसं झालं.

आईला म्हटलं, "खिरीत काही बिघडलं नाही, तुमच्या हातातही नाही. विषारी काही दुसऱ्यांदा पोटात जाऊ नये म्हणून शरीर ही राखण करतं. औषधाची उलटी त्यानं खिरीच्या नावावर टाकलीय. हा हट्ट नाही." आजी पुढे सरकून ऐकत होत्या.

खीर सध्या बंद. डोसआधी आवडीचं काहीच द्यायचं नाही; उलट एखादी ठसकेबाज, अनोळखी चवीची गोळी चघळायला द्यायची, म्हणजे मळमळीचं खापर तिच्यावर फुटण्याची शक्यता वाढते. हा उपायही बर्नस्टाइन यांच्याच पुढच्या कामातला. डॉक्टरांना विचारून आल्याची गोळी ठरवली.

पोरानं सगळं कान देऊन ऐकलं होतं. "मग धपाटे डोसच्या दिवशी नकोत हं," तो आईला म्हणाला. "शेंगाचटणी पण नको. लिहून घे."

आईनं फाइलच्या पाठीवर लिहायला घेतलं. यादी लांबतच गेली.