ग्रँट रोडच्या दोन्ही अंगांना

मंगळवार, रात्री

तपासणी शिबिराचं सांगायला आज ग्रँट रोडच्या दोन्ही अंगांना पायपीट झाली. बाहेरची माणसं वेश्याव्यवसायाच्या या सगळ्या भागाला सरसकट एकच नाव देऊन मोकळी होतात. मला ते फार खटकतं. इथे चार रस्ते ओलांडले की बोलणं बदलतं, गिऱ्हाईक बदलतं, बायकांची बसायची ढबसुद्धा बदलते.

फॉकलंड रोडवर, म्हणजे पठ्ठे बापूराव मार्गावर, सगळी घाई. लावणीच्या शाहिराचं नाव लागलेल्या या रस्त्यावर निवांत ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही. खोल्या थेट फुटपाथला लागून. गजांच्या दारांमुळे त्यांना पिंजरे म्हणायचे. समोरून हातगाड्या, टॅक्स्या. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, जातं. इथल्या बायका माझ्याशीही तुटक बोलतात, नजर रस्त्यावर ठेवून. शिबिराची तारीख सांगितली की "हां ताई, आऊंगी", आणि विषय संपला. मी वाईट वाटून घेत नाही. त्यांचा तो कामाचा वेळ असतो.

कामाठीपुऱ्यात मात्र पाय आपोआप मंदावतो. तेलंगणातून मजुरीला आलेल्या कामाठ्यांनी वसवलेला हा मोहल्ला, धंदा नंतर आला. आजही दुपारी गल्ल्यांमधून शिलाई मशिनींचा आवाज येत असतो. वेश्यावस्ती आता थोड्याच गल्ल्यांत उरली आहे.

अक्काकडे गेले तेव्हा दुपार कलली होती. अक्का बेळगावकडची, पन्नाशी उलटलेली. मंगळवार म्हणून कोनाड्यातल्या यल्लम्माच्या परडीला हळद-कुंकू वाहिलेलं. खाटेवर तिचा 'माणूस' मेथी निवडत बसला होता. गोदीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पूर्वी गिऱ्हाईक म्हणून यायचे, आता पेन्शन झाली की येतात, अक्काच्या बीपीच्या गोळ्या आणतात, जेवून जातात. मला म्हणाले, "ताई, हिला जरा सांगा, गोळी चुकवते." अक्का कानडीत काहीतरी पुटपुटली आणि त्यांच्या पुढ्यातली मेथी ओढून घेतली, कारण ते देठं फार ठेवत होते. हे नातं कोणत्या कागदावर, कोणत्या रकान्यात लिहायचं? मला ते खरं वाटतं, एवढं मात्र लिहून ठेवते.

संध्याकाळी केनेडी ब्रिजजवळ काँग्रेस हाउसला, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या वस्तीत. इथला रुबाब वेगळाच. मुजऱ्याची परंपरा, पेटी-तबल्याची साथ, बैठकीचे रिवाज. "हम गानेवाले हैं" हे ताठ मानेने सांगतात, आणि फॉकलंड रोडशी तुलना केली की दुखावतात. बैठकी ओसरल्यावर इथल्या पुष्कळ मुली डान्स बारमध्ये गेल्या. 2005 मध्ये सरकारने बंदी घातली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठरवली, पण मधल्या आठ वर्षांत मुली कुठे कुठे पांगल्या त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मला धास्ती आहे ती पुढच्या वस्तीची. तिला पत्ताच नाही. तरुण मुली आता फोनवर काम घेतात. नालासोपाऱ्याकडे भाड्याची खोली, नाहीतर लॉज. वरवर बघितलं तर बरंच आहे, घरवालीचा, म्हणजे कुंटणखाना चालवणारीचा, अधिया (निम्मा वाटा) नाही, दलालाची दादागिरी कमी. पण गल्लीत गिऱ्हाईकाने हात उगारला की एका हाकेला दहा जणी धावून येतात. ताप आला तर शेजारीण पेज करून देते, पोरांना एकीनं ना एकीनं जेवायला घातलेलं असतं. फ्लॅटचं दार लागलं की तिथे ती एकटी. आणि आपला कायदाही तिला एकटीच पाडतो. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, खाजगीत हे काम करणं गुन्हा नाही. पण दोघींनी मिळून एका खोलीत केलं की तो कुंटणखाना, आणि तो चालवणं गुन्हा. म्हणजे सोबतीला मैत्रीण ठेवायचीही चोरी! 19 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने यांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काबद्दल स्पष्ट सांगितलं. तरी सुरक्षिततेसाठी दोघींनी एकत्र राहायचं कसं, याचं उत्तर मी मुलींना देऊ शकत नाही.

कामाठीपुऱ्याचा पुनर्विकास व्हायलाच हवा. ते जिने, ते टेकू लावलेले माळे बघवत नाहीत. पण भाडेपावती असते घरवालीच्या नाहीतर भाडेकरूच्या नावावर. खाटेपुरत्या जागेचं भाडं आयुष्यभर भरलेल्या बाईचं नाव कुठेच नसतं. लॉकडाऊनमध्ये हेच झालं होतं. न्यायालयाने ओळखपत्र न मागता कोरडा शिधा द्यायला सांगितलं, राज्याने महिना 5,000 रुपये जाहीर केले, तरी बँक खातं नाही म्हणून कितीतरी जणी खोळंबल्या.

अक्काचं आधार आहे, पण त्यावर गावचा पत्ता. रेशनकार्ड नाही. वीजबिल घरवालीच्या नावावर. उद्या सकाळी घरवालीलाच गाठून, अक्का इथे किती वर्षं राहते ते तिच्याकडून लिहून घ्यायचं ठरवलंय. ती सही द्यायला कुरकुर करणार. अक्काच्या माणसालाही बरोबर या म्हटलंय, घरवाली त्यांचा शब्द मानते.