धावायचं असेल तर पोटभर जेवायला लागतं

सध्या माझी डाएटेटिक्सची इंटर्नशिप चालू आहे आणि मी आहारशास्त्र शिकतेय, वर सकाळी उठून धावतेसुद्धा, हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मग तू काय काय सोडलंयस? भात सोडलास का, साखर सोडलीस का, रात्रीचं जेवण बंद केलंस का. मी काहीही सोडलेलं नाही, उलट धावायला लागल्यापासून खाणं वाढवलंय, असं सांगितलं की कुणाचा विश्वासच बसत नाही. आपल्याकडे डाएट म्हणजे कमी खाणं हे इतकं पक्कं बसलंय डोक्यात की वाढवून खाणं हाही डाएटचाच भाग असतो हे पटायला वेळ लागतो. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

इंटर्नशिपमधलं रोजचं काम म्हणजे वॉर्डात जाऊन पेशंटशी बोलायचं, डाएट शीट भरायची, किचनमधून ट्रॉली निघायच्या आधी कुणाचं सॉफ्ट, कुणाचं डायबेटिक, कुणाचं रीनल म्हणजे किडनीच्या आजाराचं ते तपासायचं, नळीने फीड देतात त्यांचा हिशोब वेगळा. रीनलच्या पेशंटची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, आणि बाकी सगळ्यांना आपण सांगत असतो की भाजीचं पाणी फेकू नका! नातेवाईक प्रेमाने शहाळं घेऊन येतात, आणि ज्याचं पोटॅशियम वाढलंय त्याला नेमकं तेच द्यायचं नसतं. एकाला चांगलं ते सगळ्यांना चांगलं असं काही नसतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं ते वॉर्डात.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते चोवीस तासांच्या रिकॉलने. म्हणजे काल सकाळी उठल्यापासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं ते पेशंटला विचारायचं, हातात वाट्या-चमचे घेऊन, ही वाटी की ती वाटी असं दाखवत. रक्त कमी म्हणून अ‍ॅडमिट झालेल्या बायकांकडून ऐकायला मिळतं ते थोड्याफार फरकाने एकच असतं. एक मावशी होत्या भोरकडच्या. मी विचारलं, मावशी, काल सकाळी काय खाल्लं? "काय न्हाय, च्या घेतला." चहाबरोबर? "बटर." मग दुपारी? "समद्यांचं झाल्यावर बसले." किती भाकरी? "एक. पोरगं आलं तवा अर्धी त्याला दिली." आमटी? "आमटी सरली व्हती." आणि मग जेवणानंतर परत चहा. मावशी अशिक्षित नव्हत्या, घरात धान्य नव्हतं असंही नाही, शेत आहे, बाजरी घरची आहे. फक्त त्यांच्या ताटात पोचत नव्हती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना अ‍ॅनिमिया असल्याचं दिसलं. हा आकडा परीक्षेसाठी पाठ केला होता, आता तो डोळ्यासमोर येतो तो अर्ध्या भाकरीच्या रूपात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, आम्ही सगळे एनआयएन म्हणतो, २०२० मध्ये जे नवे आकडे दिले त्यात बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आहे. आता बाजरी हे लोहाचं चांगलं धान्य, १०० ग्रॅममध्ये साडेसहाच्या आसपास. दोन-अडीच भाकऱ्या म्हणजे पाच मिलिग्रॅम धरा. म्हणजे पोटभर जेवलं तरी २९ गाठणं अवघड आहे, तर अर्ध्या भाकरीत काय होणार सांगा. म्हणून जे खातोय त्यातलं अंगी कसं लागेल हे बघावं लागतं, मटकीला मोड आणायचे, उसळीवर लिंबू पिळायचं, आंबट भाजी सोडून बाकीच्या भाज्या लोखंडी कढईत करायच्या, आणि जेवणाला चिकटून चहा घ्यायचा नाही, तासभर तरी मधे जाऊ द्यायचा. मावशींच्या कागदावर मी एकही नवीन पदार्थ लिहिला नाही. आमच्या सीनियर मॅडमनी मात्र त्यांच्या मिस्टरांना आणि मुलाला बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं, ह्यांचं ताट तुमच्याबरोबर वाढायचं. मला वाटतं त्या कागदापेक्षा ते वाक्य जास्त कामाचं होतं, आणि तेव्हापासून मीही जमेल तिथे घरच्यांना बोलावूनच घेते.

आता हे धावण्याशी कसं जोडलेलं आहे ते सांगते. एनआयएनच्याच हिशोबाने ५५ किलोच्या, बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात आणि मध्यम कष्ट असतील तर २१३०. धावताना ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी जाते, म्हणजे ५५ किलोची बाई १० किलोमीटर धावली तर साडेपाचशे. हे साडेपाचशे कुठून यायचे? आमच्या ग्रुपमध्ये कितीतरी मैत्रिणी वजन कमी करायला म्हणून धावायला लागतात, आणि त्याच आठवड्यात भात आणि पोळी दोन्ही बंद करतात, संध्याकाळी फक्त सूप. पहिले काही दिवस मजा वाटते, काटा खाली येतो. मग थकवा, चिडचिड, केस गळणं, पाळी पुढे जाणं, आणि ज्यांचं हे लांबतं त्यांच्या हाडांना बारीक क्रॅक जाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ह्याला रेड-एस असं नाव दिलं, सोप्या भाषेत सांगायचं तर व्यायामात खर्च होऊन शरीराला रोजच्या कामासाठी ऊर्जाच उरत नाही, मग ते एकेक काम बंद करायला लागतं, आणि पाळी हे बंद होणाऱ्या पहिल्या कामांपैकी एक असतं. तरी आपल्याकडे व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी चुकली तर होतं असं, व्यायाम जास्त झाला असेल, म्हणून सोडून देतात. प्लीज सोडून देऊ नका. दोन-तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जा आणि ताटात काय कमी आहे तेही बघा. धावणारी मैत्रीण असेल तर तिला हे विचारायला लाजू नका, मी विचारते.

प्रोटीनचंही तसंच. सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोला ४६ ग्रॅमच्या आसपास. नियमित लांब धावणाऱ्याला १.२ आणि त्याच्या पुढे, म्हणजे ६६ तरी. ह्यासाठी लगेच प्रोटीन पावडरचा डबा विकत आणायची गरज आहे असं मला वाटत नाही. प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी आणि मेथिओनिन डाळीत कमी, दोन्ही एकत्र आलं की एकमेकांची कमी भरून निघते, आणि आपलं वरण-भात, भाकरी-पिठलं, उसळ-पोळी हे सगळं तेच तर आहे. फक्त वरणाची वाटी पातळ आणि छोटी असते आणि भाताचा डोंगर मोठा, ते प्रमाण बदलायचं. एनआयएनने २०२४ मध्ये आहाराच्या नव्या गाईडलाइन्स काढल्या, त्यात दिवसभराच्या २००० कॅलरीच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली आणि दाणे-सुकामेवा ३५ ग्रॅम असं धरलंय, धान्य-डाळी कच्च्या मापात. एकदा हे सगळं ओट्यावर मोजून मांडून बघा. धान्य आपण ह्याच्यापेक्षा जास्त खातो, आणि ४०० ग्रॅम भाजी हा केवढा मोठा ढीग असतो ते बघून आमच्या घरी सगळे गप्प झाले होते. ताटात डावीकडची कोशिंबीर चमचाभर वाढायची पद्धत आहे ना, ती वाटीभर केली की बरंच काम होतं.

रोजचं गणित असं आहे. नऊला वॉर्डात असायला लागतं, त्यामुळे पहाटे पाचला घराबाहेर. मधल्या वारी छोटं धावणं, एक दिवस वेताळ टेकडीवर चढ, रविवारी लांब. छोट्या धावण्याला मी काही न खाता जाते, टेकडीच्या दिवशी एक केळं किंवा दोन-तीन खजूर, लांबच्या दिवशी आदल्या रात्रीच नीट जेवते, भात हवाच त्यात. सगळी खरी तयारी रात्रीच होते, कडधान्य भिजत घालणं, मोड आलेलं फडक्यातून काढून डब्यात ठेवणं, भाजी निवडून ठेवणं, दाण्याचं कूट संपलं असेल तर भाजून कुटून ठेवणं. हे अर्ध्या तासाचं काम झालं नाही तर दुसऱ्या दिवशी धावणं होतं पण डबा होत नाही, आणि मग कॅन्टीनचा वडापाव. वडापाव वाईट असं मी म्हणणार नाही, पण टेकडी चढून आल्यावर दुपारी फक्त वडापाव मिळाला तर संध्याकाळी अभ्यासाला बसवत नाही हे नक्की. पुढे आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा द्यायची आहे, त्यामुळे अभ्यास टाळून चालत नाही. तिन्हीतलं काय सोडायचं अशी वेळ आली तर मी धावणं सोडते, झोप आणि जेवण नाही. झोप न घेता धावण्यात शौर्य आहे असं मानणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही.

रविवारी परत आल्यावरचं जेवण मात्र माझं सगळ्यात आवडतं. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं म्हणून आम्ही थोडं थोडंच दळून आणतो. आधी लिंबाचं सरबत, मीठ जरा जास्तीचं घालून, कारण घामातून मीठ गेलेलं असतं आणि नुसतं पाणी ढोसत राहणं बरं नाही. मग आई भाकऱ्या थापते आणि मी पिठलं करते. लोखंडी कढईत तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची, कांदा चांगला गुलाबी होऊ द्यायचा, हळद, पाणी घालून खळखळून उकळी आली की एका हाताने बेसन वैरायचं आणि दुसऱ्या हाताने सारखं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. झाकण ठेवून वाफ काढायची, वरून कोथिंबीर, कच्चं तेल. पिठल्यात बेसन कंजुषी न करता घालायचं, पाणीच जास्त झालं तर प्रोटीन कुठून येणार. सोबत कांदा, लिंबू, वाटीभर दही. लांब धावून आल्यावर तासाभरात हे पोटात गेलं की दुपारी पाय दुखले तरी अंगात ताकद असते. ओट्स, किनोआ खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही, ओट्स मीही कधीतरी खाते. पण वॉर्डातल्या मावशींना जे सांगता येत नाही ते मी स्वतःच्या ताटात मुख्य म्हणून ठेवू इच्छित नाही, हे मी मनाशी पक्कं ठरवलंय.

आणि हो, आई. रिकॉल शिकल्यावर मी पहिल्यांदा तिचा घेतला होता. अगं मी खाल्लंय, तुमच्याबरोबरच तर बसले होते, असं ती म्हणाली. वाटी घेऊन विचारत गेले तेव्हा कळलं की ती बसते आमच्याबरोबर, पण गरम पोळ्या वाढायला चार वेळा उठते, आणि शेवटी कालची पोळी आणि आमटीचा तळ तिच्या वाट्याला. दूध तर चहातलं तेवढंच. बायकांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि तिची पन्नाशी उलटलीय, हाडांची काळजी आत्ताच घ्यायला हवी. आता पोळ्या आधी सगळ्या करून डब्यात ठेवतो, गरम नसल्या तरी चालतात, आणि सगळे एकदम बसतो. बाबा पहिल्यांदा जरा कुरकुरले, आता स्वतः पानं घेतात. सकाळी तिच्यासाठी नाचणीची आंबील असते ताक घालून, नाचणीत १०० ग्रॅमला ३६० च्या वर कॅल्शियम आहे, धान्यात तिच्या जवळपास कुणी नाही. संध्याकाळी ती माझ्याबरोबर चालायला येते आता, मी अभ्यासाचे प्रश्न तिला सांगते आणि ती मला उलट विचारते, त्यात माझी उजळणी होते.

सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायची आहे. यवतेश्वरचा घाट, कासच्या दिशेने अर्धं अंतर चढ आणि मग तेवढाच उतार, चढात दम लागतो पण मांड्यांची वाट लागते ती उतारावर, म्हणून सध्या टेकडीवर उतरायची प्रॅक्टिस जास्त करतेय, पावसात माती घसरडी असते त्यामुळे बेताने. आदल्या रात्री साताऱ्यात काय खायचं ते आत्ताच ठरवलंय, वरण, भात, तूप, लिंबू, फार तिखट काही नाही, पालेभाजी आणि उसळ त्या एका रात्री नको, पोट हलकं राहायला हवं. पहाटे केळं आणि गूळ-पोळीचा अर्धा रोल. आई येतेय बरोबर, परतीच्या प्रवासात खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ती करणार आहे आणि मी तिला सांगून ठेवलंय की दशम्या चौघांच्या हिशोबाने कर, त्यात तुझ्यासुद्धा दोन धर.